अकरा भजनी आणि बाराचा सेट

"कला ही कपड्यांची मिंधी नसते!"

कोंडीरामबुवा घाडी हे वाक्य मंगळवारी संध्याकाळी बोलले. लालबागच्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर, पेटीवर डावा हात आणि छातीवर उजवा हात ठेवून बोलले. सूर अंगातून येतो, अंगरख्यातून येत नाही. संतांनी चिंध्या पांघरून अभंग रचले आणि आज रेशीम पांघरणाऱ्यांना साधी टाळी धड देता येत नाही, असंही त्यांनी पुढे सांगितलं. समोर बसलेल्या भजनी मंडळींनी माना डोलावल्या. एकाने तर डोळे पुसले, पण त्याला मोतीबिंदू होता.

बुधवारी सकाळी साडेदहाला बुवा दादरच्या एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानात उभे राहून, हळदी रंगाचे अकरा कुर्ते आहेत का, असं विचारत होते.

मधल्या वेळात मयूरचा फोन आला होता.

मयूर हा प्रभादेवीच्या एका कोकणवासी मित्रमंडळाचा सेक्रेटरी. या मित्रमंडळाच्या वार्षिक संमेलनात डबलबारी होते. म्हणजे दोन भजन मंडळं समोरासमोर बसतात आणि दोन्ही बुवा आळीपाळीने गातात. देवाचं नाव घेता घेता एकमेकांची यथेच्छ टोपी उडवतात. त्या हॉलमध्ये गायला मिळावं म्हणून कोंडीरामबुवा नऊ वर्षं वाट बघत होते. यंदा बोलावणं आलं होतं. बुवांचं वय अडुसष्ट. पुढचं बोलावणं आणखी नऊ वर्षांनी आलं तर ते कुणाच्या फोटोला येईल, याचा हिशेब बुवांनी मनातल्या मनात केला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. त्यातून समोरचे बुवा होते शिवडीचे अभयबुवा. आठ वर्षांपूर्वीपर्यंत हा अभय कोंडीरामबुवांच्याच मागे बसून कोरस धरायचा. मग एका चालीवरून भांडण झालं, अभयने शिवडीत स्वतःचं मंडळ काढलं, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"बुवा, एकच अट आहे," मयूर फोनवर म्हणाला होता. "यंदा लाइव्ह दाखवणार आहोत. युनिफॉर्म पाहिजे."

"आम्ही काय शाळेत जातोय?"

"गेल्या वर्षीचा तुमच्या मंडळाचा फोटो बघितलाय मी. एक जण चौकड्याच्या शर्टात, एकाच्या टी-शर्टवर रक्तदान शिबिर, आणि तुमच्या पखवाजवाल्याच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. ते भजन वाटत नव्हतं बुवा, रेशनची लाइन वाटत होती."

"बरं, पांढरे कुर्ते घालू."

"पांढरा नको. मागचा पडदा पांढरा आहे. मागे एकदा एक मंडळ पांढऱ्यात आलं, तर कॅमेऱ्यात नुसती तोंडं तरंगत होती. बायका घाबरल्या. एकच रंग, सगळ्यांना सारखा. नायतर दुसरं मंडळ तयार आहे."

म्हणून बुवा दादरला.

दादरच्या दुकानदाराने चार कुर्ते काढले, ते हळदीचे होते. मग आणखी पाच काढले, ते लिंबाचे होते. उरलेल्या दोनांना तो आंबा म्हणत होता.

"एकाच रंगात अकरा म्हणजे... घरात लग्न आहे का काका?"

"भजन आहे."

"मग होलसेलला जा. रिटेलमध्ये एवढी एकी मिळत नाही."

होलसेलवाल्यांचे नंबर बुवांच्या सुनेने, अनुजाने, मोबाइलवर शोधून काढले. अनुजा एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये होती. अनोळखी माणसाशी फोनवर न चिडता कसं बोलावं हे तिला पगार घेऊन माहीत होतं. पण बुवा म्हणाले, "मी बोलतो. मंडळाचा मान असतो." आणि स्पीकर लावून बसले.

पहिला म्हणाला, "मिनिमम पन्नास." पन्नास भजनी बसायला हॉलमध्ये स्टेज नव्हतं.

दुसरा म्हणाला, "जीएसटी नंबर बोला." बुवांनी मंडळाचा नोंदणी क्रमांक सांगितला. समोरून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग फोन बंद झाला. बुवा म्हणाले, "लिहून घेत असेल."

तिसऱ्याने विचारलं, "शॉप का नाम?"

"वाघजाई प्रासादिक भजन मंडळ, लालबाग."

"ये ब्रँड नया है क्या?"

"पन्नास वर्षं जुना!"

"ऑनलाइन है?"

"नाय. देवळात आहे."

चौथा फारच प्रेमळ निघाला. त्याने विचारपूस केली, बुवांची तब्येत विचारली, कुर्त्याच्या खिशावर मंडळाचं नाव फुकट भरून देईन म्हणाला. बुवा विरघळले. शेवटी तो म्हणाला, "फक्त दोनशे घ्यावे लागतील."

"गिरणगाव," बुवा फोन खाली ठेवत म्हणाले, "एके काळी अख्ख्या देशाला कपडे घालत होतं. आणि आज याच गिरणगावात अकरा माणसं उघडी."

"उघडी नाहीत बाबा," अनुजा म्हणाली, "वेगवेगळ्या रंगांत आहेत."

हितेंद्रभाईंचा पत्ता दादरच्याच एका शिंप्याने दिला. परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा गाळा होता. दारावर पाटी होती : 'फक्त होलसेल. सुटा माल मागू नये.' त्याच्याखाली स्केचपेनने लिहिलं होतं, 'छोटी ऑर्डर चालेल.' या खालच्या ओळीवर बुवांचा जीव जडला. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या.

हितेंद्रभाई कुर्त्यांच्या ढिगाऱ्यांमध्ये बसून कॅल्क्युलेटरशी बोलत होते.

"किती पायजे?"

"अकरा. हळदी रंग."

"मस्टर्ड. हाय. बारा घ्यावे लागतील."

"माणसं अकरा आहेत."

"सेट बाराचा येतो काका. एक जास्ती राहू दे. कोण आजारी पडला तर?"

"माणूस आजारी पडला तर कुर्ता काय करणार?"

"सेट तुटत नाय," हितेंद्रभाई म्हणाले. सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगावं तसे शांतपणे म्हणाले. "तीस वरसात तोडला नाय."

बुवांना हा माणूस आवडला. पन्नास नाही, दोनशे नाही, बारा! एक कुर्ता उरला तर देवीला अर्पण करू, असं ठरवून त्यांनी पुडकं उचललं. पुडक्यावर ३८-४०-४२-४४ असे आकडे छापलेले होते. बुवांना वाटलं, गोदामाचा नंबर असेल. बिलाच्या तळाशी गुजरातीत एक ठळक ओळ होती. बुवांना वाटलं, शुभेच्छा असतील.

माप म्हणून काही विचारायचं असतं हे बुवांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्या लहानपणी कुर्ता नेहमी मोठाच घेत. माणसाने कालांतराने त्यात मावायचं, अशी पद्धत होती.

शनिवारी तालमीला सगळे जमले. बुवांनी पेटीशेजारी पुडकं ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि कात्रीने दोरी कापली. अकरा माणसांनी अकरा कुर्ते उचलले आणि आपापल्या डोक्यांवरून खाली ओढायला सुरुवात केली. पुढची पाच मिनिटं खोलीत कुणालाच चेहरा नव्हता.

"बुवा, माझा हात कुठाय?"

"तो माझा हात आहे. सोड."

"ह्याला भोक एकच आहे रे!"

चकवा हे तालवाद्य वाजवणारे दळवी कमरेपासून वर पूर्णपणे हळदी होऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांना पुढेही जाता येईना आणि मागेही. शेवटी अनुजाने टेप आणली आणि एकेकाच्या छातीभोवती गुंडाळायला सुरुवात केली. मंडळाची सदस्यसंख्या आणि मंडळाचा घेर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या संध्याकाळी प्रथमच नोंदलं गेलं. बारा कुर्त्यांत प्रत्येक मापाचे तीन होते. मंडळात अडतीसचा एकही नव्हता. चाळीसचा एक होता. बुवा धरून तिघे बेचाळीसचे होते. चव्वेचाळीसचे सहा होते. त्यांतले दोघे श्वास रोखून आपण बेचाळीसचेच आहोत असं सिद्ध करत होते, पण भजनात मधूनमधून श्वास सोडावा लागतो.

राहिला रघू, पखवाजवाला. गोदीत क्रेन चालवायचा. अनुजाने त्याच्याभोवती टेप नेली. टेप संपली, रघू संपला नाही.

स्वयंपाकघरातून बुवांच्या पत्नी, राधाबाई, बघत होत्या. "मापां घेतलात नाय काय?" त्यांनी विचारलं. संसारात काही प्रश्न उत्तरासाठी नसतात.

सोमवारी बुवा पुन्हा परळला गेले. या वेळी अनुजा बरोबर होती. तिने गुजराती ओळ हितेंद्रभाईंकडूनच वाचून घेतली : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"परत नका घेऊ," अनुजा म्हणाली. "बदलून द्या. अडतीस घ्या, चव्वेचाळीस द्या."

"ताई, सगळे चव्वेचाळीस तुम्ही नेले तर अडतीस मी कोणाला विकू? जगात बारीक माणसं पन हायत."

"आमच्याकडे नाहीत," बुवा म्हणाले.

"मग अजून एक सेट घ्या. तीन चव्वेचाळीस वाढतील."

"आणि नऊ कुर्ते उरतील!"

"ते तर होलसेल हाय," हितेंद्रभाई म्हणाले, आणि बुवांसाठी चहा मागवला. चहाही त्यांनी कटिंग मागवला नाही, फुल मागवला. तोडण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

घरी आल्यावर बुवा गॅलरीत जाऊन उभे राहिले. कार्यक्रम बारा दिवसांवर. राधाबाई आतून म्हणाल्या, "कुर्ते बदलान मेळणत नाय तर माणसां बदला!"

हा टोमणा होता. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात राधाबाईंचे शेकडो टोमणे बुवांनी ऐकले होते आणि सोडून दिले होते. नेमका हाच त्यांनी सल्ला म्हणून घेतला.

त्याच संध्याकाळी टॉवरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर, लिफ्ट बंद असल्याची सूचना आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधोमध पुढचा मजकूर झळकला : 'भजन मंडळासाठी छाती ३८ व ४० मापाच्या व्यक्ती तातडीने पाहिजेत. आवाज असल्यास प्राधान्य.'

पहिल्या तासात बावीस हसणारी तोंडं आली आणि सोसायटीच्या चेअरमनने 'ग्रुपचा गैरवापर नको' असं लिहिलं. मग माणसं यायला लागली. सातव्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, माप चाळीस. आवाजाची परीक्षा घेतली तेव्हा त्यांच्याकडे खणखणीत खर्ज निघाला. एवढी वर्षं तुम्ही होतात कुठे, असं बुवांनी विचारलं. "कुणी माप विचारलंच नाही," ते म्हणाले.

दुसरा राजेश कांबळे. शेजारच्या इमारतीत राहायचा, विम्याचं काम करायचा. त्याच्या वडिलांची एके काळी गायन पार्टी होती, भीमजयंतीला नायगावपासून वरळीपर्यंत गाजलेली. राजेशने कुर्ता अंगात घातला. खांदे जागेवर, बाह्या जागेवर.

"बुवा, आधीच सांगतो," तो म्हणाला. "देवाचा गजर मी करत नाय. आपल्याकडे ते बसत नाय. पण संतांचा अभंग आला की मी आहे. माणसाचं बोलणं असतं त्यात."

"आणि गजराच्या वेळेला काय करशील?"

"टाळ धरतो. टाळाला काय धर्म असतो?"

बुवांनी त्याला एक ओळ म्हणायला सांगितली. राजेशने ती तार सप्तकात अशी उचलली की स्वयंपाकघरात राधाबाईंच्या हातातली पळी थांबली. बुवा म्हणाले, "बस रे बाबा. गजराचं आमचं आम्ही बघतो."

तिसरी आली ती पूर्वी. नवव्या मजल्यावरची, कॉलेज संपवून जाहिरातीच्या कंपनीत लागलेली. तिने कुर्ता उचलला, मोजला आणि म्हणाली, "अडतीस. माझाच."

"अगं, पण मंडळ पुरुषांचं आहे," बुवा म्हणाले.

"मेसेजमध्ये 'व्यक्ती' लिहिलंय काका. मी सोळा वर्षं व्यक्तीच आहे, त्याआधी बाळ होते."

"झांज येते?"

"नाही. पण शिकेन. रघूकाका तरी पोटातून शिकून आले होते का?"

पन्नास वर्षं मंडळात बाई नव्हती. यावर आधी एकदा बैठक झाली होती, ती साडेतीन तास चालून ठराव न होता संपली होती. या वेळी दोन मिनिटांत निकाल लागला, कारण कुर्ता तिलाच बसत होता आणि दुसऱ्या कुणालाच बसत नव्हता. समाजसुधारकांनी शंभर वर्षं घसा कोरडा केला. होलसेलवाल्यांनी एक सेट काढला.

चव्वेचाळीसवाल्यांत तीन जण जास्त होते. त्यांना कसं सांगावं या काळजीने बुवांना दोन दिवस जेवण गेलं नाही. सांगितलं तेव्हा पहिला म्हणाला, "सुटलो! माझ्या गुडघ्यांना मांडी सहन होत नाही, पण बोलणार कसं?" दुसऱ्याने कबूल केलं की तो गेली बारा वर्षं नुसते ओठ हलवत होता. तिसरे चकव्याचे दळवी म्हणाले, "मी मोबाइलवर शूटिंग करतो. आपल्या बाजूने पण पुरावा पाहिजे." चकवा त्यांनी स्वतःच्या हाताने बँकवाल्या गृहस्थांना दिला आणि कसा धरायचा ते तीन वेळा दाखवलं. चौथ्यांदा दाखवताना त्यांना तो परत द्यावासा वाटेना, तेव्हा सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

सगळं जमलं. फक्त रघू जमत नव्हता.

कार्यक्रमाला पाच दिवस असताना रघू आला. बरोबर पखवाज होता, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला. त्याने तो बुवांसमोर ठेवला आणि दारातच उभा राहिला.

"दुसरा कोणतरी बघा बुवा. मापातला."

"बस आधी."

"नको. हॉलवाले म्हणतील, एकाच्यामुळे सगळी लाइन बिघडली. मी खाली प्रेक्षकांत बसतो. टाळ्या जोरात देतो."

रघूला एवढं हळू बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. बुवांनी पखवाजाकडे बघितलं. पंचवीस वर्षं ते गाताना कुठेही भरकटले, कितीही लांब गेले, तरी या माणसाने त्यांना समेवर आणून सोडलं होतं. घरापर्यंत सोडायला यावं तसं. त्यांनी मयूरला फोन लावला.

"मयूर, दहा जण एका रंगात असतील. पखवाजवाल्याला सूट दे."

"बुवा, कॅमेरा नेमका त्यालाच दाखवणार. अट सगळ्यांना सारखी आहे."

"रघू पाहिजे."

"मग अकरा कुर्ते पाहिजेत."

बुवा क्षणभर थांबले. नऊ वर्षं थांबलेला माणूस, एक क्षण त्याला जड नव्हता. मग म्हणाले, "तर मग आम्ही येत नाही. दुसऱ्या मंडळाला बोलव," आणि फोन ठेवून दिला. मग हात पेटीच्या भात्यावर टेकवला. पेटीतून एक बारीक, केविलवाणा सूर निघाला.

अनुजा उठली आणि आतून दोन कुर्ते घेऊन आली.

"बाबा, हे दोन अडतीस पडूनच आहेत ना? लालबागमध्ये आपली पूर्वी सोडली तर त्या मापाचं कुणी उरलं नाही. रघूकाका, हात वर करा."

"ह्यो कुर्तो त्याका होतलो?" राधाबाई म्हणाल्या.

"एक नाही होणार. दोन होतील."

शिवणयंत्र बेडरूममध्ये होतं. त्याच्यावर चार वर्षांचे न घडी केलेले कपडे होते, ते हलवायलाच अर्धा तास गेला. अनुजाने एक अडतीस दोन्ही बाजूंनी उसवला, दुसऱ्याच्या पट्ट्या काढल्या आणि काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी लावल्या. राधाबाईंनी हातशिलाईने काखा पक्क्या केल्या. साडेसात वाजता रघू आरशासमोर उभा राहिला. अंगात दोन माणसांचे कुर्ते, आणि रंग एकच. हितेंद्रभाईंचा तीस वर्षांत न तुटलेला सेट अखेर शिलाईत तुटला, पण मंडळ तुटायचं वाचलं.

आता मयूरला पुन्हा फोन करायचा होता. बुवांनी घसा साफ केला.

"हां मयूर. मघाशी फोन कट झाला."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी प्रभादेवीचा हॉल भरला होता. अभयबुवांचं मंडळ आधीच येऊन बसलं होतं. तेही युनिफॉर्ममध्ये होते. त्यांनी ऑनलाइन मागवले होते, नऊ कुर्ते चार ठिकाणांहून, आणि प्रत्येक ठिकाणची 'मरून' या रंगाबद्दल समजूत वेगळी होती. एका ओळीत झाडावरचं रतांबं, पिकलेलं रतांबं, वाळत घातलेली सालं आणि वर्षभर मुरलेलं आमसूल अशा सगळ्या अवस्था बसल्या होत्या. मयूर त्यांच्याकडे बघून दोनदा तोंड उघडून मिटत होता. शेवटी त्याने दिवे मंद करायला सांगितलं.

अभयबुवांनी पहिली बारी घेतली. आवाज तरुण, धारदार. गाता गाता त्यांनी पूर्वीकडे हात करून एक ओळ सोडली, म्हाताऱ्या वडाला नवीन पालवी फुटली म्हणून. हॉल हसला. कोंडीरामबुवांनी आपल्या बारीत उत्तर दिलं की पालवी तरी फुटली, काही जणांनी नुसती आमसुलं वाळत घातलीत. हॉल जास्त हसला. अभयबुवाही हसले, पण आपल्या बाहीकडे बघत.

अभंग आला. राजेशने ओळ उचलली आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. बँकवाल्यांचा खर्ज जमिनीतून यावा तसा येत होता. पूर्वीची झांज दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा अशी बसली की तिचं तिलाच हसू आलं. मग बुवांनी शेवटचा गजर धरला आणि रघूला मान हलवून खूण केली.

लय चढली. दुप्पट झाली. रघूचे हात पखवाजावरून उडायला लागले. पहिल्या रांगेत अनुजाने राधाबाईंचं मनगट घट्ट धरलं, कारण दोघींचं लक्ष पखवाजावर नव्हतं, काखेवर होतं. आणि ऐन भरात, दोन थापांच्या मधल्या शांततेत, पखवाजाच्या माइकवरून सगळ्या हॉलला 'चर्र' असा स्वच्छ आवाज ऐकू गेला.

उजवी बाजू काखेपासून कमरेपर्यंत उघडली. रघू थांबला नाही, पण त्याने बुवांकडे बघितलं.

बुवांच्या खांद्यावर शेला होता, जरीचा. टॉवरच्या जागेवरची जुनी चाळ पाडायच्या आधी शेवटचं भजन झालं तेव्हा रहिवाशांनी दिलेला. तो ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. गाता गाता ते उठले, दोन पावलं चालले, आणि शेला रघूच्या खांद्यावरून उजव्या बाजूला सोडून परत जागेवर येऊन बसले. सूर सुटला नाही.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका उभ्या राहिल्या. भर गजरात, स्वतःच्या खांद्यावरचा शेला काढून बुवांनी साथीदाराचा सन्मान केला! मयूर माइकवर धावत आला आणि म्हणाला की असा गुरू होणे नाही. हे सगळं लाइव्ह गेलं. समोर अभयबुवांची पंचाईत झाली. त्यांना आता आपल्या पखवाजवाल्याचा सन्मान करणं भाग होतं आणि खांद्यावर काहीच नव्हतं. त्यांनी घाम पुसायचा नॅपकिन दिला.

डबलबारीत निकाल लागत नाही. दोन्ही बुवांना नारळ मिळाला. पण लोक जाताना कुणाच्या पाया पडत होते ते दिसत होतं, आणि कोंडीरामबुवा एका खुर्चीवर बसून ते अतिशय नम्रपणे मोजत होते. नऊ वर्षं सार्थकी लागली होती.

गर्दी ओसरल्यावर अभय आला. एकटाच. दारात घुटमळला, मग सरळ येऊन वाकला आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. आठ वर्षांनी.

क्षमा कशी करावी याचं भाषण बुवांकडे सात वर्षांपासून तयार होतं. त्यात दोन ओव्या आणि एक दृष्टांत होता. त्यांनी अभयच्या डोक्यावर हात ठेवला. मागे रघू, राजेश, पूर्वी, सगळे येऊन उभे राहिले.

"बुवा, एक मागायचंय. नाही म्हणू नका."

"माग रे पोरा. आज काहीही माग."

अभयने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सुटे कुर्ते देणारा कोण माहितीय का हो? पुढच्या रविवारी शीवला बारी आहे. नऊच पाहिजेत."